जुन्या फोल्डरमधलं भाषण

दि. ४ जून

चि. भाचीबाईंस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

एक तारखेला तू कॉम्प्युटरवर सिस्टिम नव्याने टाकलीस, तेव्हापासून तो वाऱ्यासारखा पळतो आहे. पण जुन्या सिस्टिमच्या फायलींचा एक भलामोठा फोल्डर अजून ठाण मांडून बसला आहे! सत्ता गेली तरी बंगला न सोडणाऱ्या मंत्र्यासारखा! अशांविरुद्ध मी आयुष्यभर बोललो. आता घरात खपवून घेऊ? आठ तारखेला सवड आहे, तेव्हा हाकलतो.

नऊ तारखेला नगरपालिकेत आपलं वाचनालय बंद करायचा ठराव आहे. विरोधात मी बोलणार. भाषण तयार आहे, पण तू ते कुठे ठेवलंस? तुझी मामी म्हणते, न सापडलं तर गाव दुवा देईल. तिचं मनावर घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं धाड.
तुझा मामा

दि. ६ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हात आवरा! त्या फोल्डरला बोट लावू नका. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र धावत जाऊन टाकते आहे. तुमच्या डॉक्युमेंट्समधलं सगळं मी आधीच काढून ठेवलं होतं; तिथे मामीचा एक फोटो निघाला, बस्स. विरोधक चोरतील म्हणून भाषणं सिस्टिमच्याच फायलींच्या पोटात लपवली नव्हतीत ना? तसं असेल तर ती त्या जुन्या फोल्डरमध्येच आहेत. आधी दुसरीकडे कॉपी करा, मग खुशाल हाकला. नाहीतर अकरा तारखेला, नव्या सिस्टिमचे दहा दिवस भरले की, कॉम्प्युटर तो आपोआप पुसून टाकेल.

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची भाची

दि. १० जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा यांचं बोट डिलीटवरच होतं. तुझा अंदाज खरा निघाला. तिथे हात घालायची कुणाची छाती होणार, असं वर ऐटीत सांगत होते! जुनी चाळीस भाषणं मी लगेच कॉपी केली. कालचं मात्र एकतीस पानांचं. दोन पानं छापून झाल्यावर प्रिंटरची शाई संपली, असं मी यांना सांगितलं.

सभेत हे दोन पानं कडाडले आणि हातातले कागद संपले म्हणून बसले. हे इतक्यात बसतात हे कुणाला खरंच वाटेना! मग टाळ्या थांबेनात. ठराव पडला, वाचनालय राहिलं. हे मात्र हळहळतात, की पुढची एकोणतीस पानं वाचली असती तर नवी इमारतही पदरात पडली असती.

ती पानं अजून जुन्या फोल्डरमध्येच आहेत आणि फोल्डर उद्या जाणार. कॉपी करून ठेवू का, ते कळव. घाई नाही, पत्र परवा टाकलंस तरी चालेल.

तुझ्यावर जीव असलेली,
मामी