किंख्रियाच्या मासळीवालीची वाटणी

मी त्रुफैना, खारवलेल्या मासळीचे व्यापारी दिवंगत झोसिमोस यांची विधवा, राहणार किंख्रिया बंदर. गुडघे सोडले तर धडधाकट आणि पूर्ण शुद्धीत आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता (दबाव आणणारे पुष्कळ होते) लिहून ठेवते की :

१. बंदरावरचे घर माझ्या पश्चात प्रभूच्या मंडळीला मिळावे. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकरी आणि द्राक्षारस, तिथेच व्हावे. माझा भाऊ निकानोर म्हणतो, "पवित्र लोक जमायचे आणि घराला मासळीचा वास?" देवाने मला हाक मारली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत माशांच्या आतड्यांत होते. आधी हात धुऊन ये, असे काही तो म्हणाला नाही.

२. निकानोरला चांदीचा पेला द्यावा. भोजनाला तो सगळ्यांच्या आधी येतो आणि भाकरी-द्राक्षारस असा फस्त करतो की कामावरून उशिरा सुटणाऱ्या गुलामांना चुरा उरतो. पेला मुद्दाम लहान निवडला आहे. तरी भाऊ आहे, माझा जीव आहे त्याच्यावर.

३. खारवायच्या कुंड्या व सुऱ्या भाची अम्मिया हिला. लग्न करो न करो, धंदा सोडू नये.

४. माझा गुलाम स्ताखुस माझ्या मृत्यूनंतर स्वतंत्र व्हावा.

हे कलम वाचून दाखवताच स्ताखुस डोके खाजवत म्हणाला, "उपकार झाले, मालकीणबाई. पण आता तुम्ही खोकलात, तर मी देवाकडे काय मागू?"

सगळे खो खो हसले. मीही हसले, मग मला हसवेना.

५. सबब कलम चार रद्द. देवाने माझ्यावर कृपा केली ती कोणाच्या मरणाची वाट पाहून नव्हे. जमलेल्या मित्रांसमक्ष स्ताखुस आत्ता, या घटकेपासून स्वतंत्र आहे.

निकानोर ओरडला, "अगं, फुकट सोडतेस? असं काय कमावलंय त्याने?"

"आणि आपण रे काय कमावलं होतं?"

तो शिक्का न मारताच तडक निघून गेला. पेला तरी त्यालाच द्यावा.

साक्षीदार सात लागतात, त्यांत गुलाम चालत नाही. निकानोर गेल्याने एक कमी पडला होता. ती अडचण आता राहिली नाही.

किंख्रिया, द्राक्षतोडणीचा महिना, प्रभूचा दिवस.

त्रुफैना

साक्षीदार : दामोन. हर्मियास. तिमोन. कल्लियास. लुकियास. झेनोन, लेखनिक.

सातवा : स्ताखुस, स्वतंत्र मनुष्य. शिक्का नाही, म्हणून मेणात अंगठा दाबला.