पुतळा आत्याची काठी

४ मार्च

अखेर आले! सात पावसाळे तक्रारी केल्या, तेव्हा कुठे आज पालिकेची माणसं टेप घेऊन नाल्यात उतरली. बरोबर इंजिनिअर उज्ज्वला मॅडम. पायात गमबूट, आणि नाकाला रुमाल नाही. आवडलं आपल्याला.

दोन कामं आहेत. घराघरांतून नाल्यात सोडलेले पाइप काढून मोठ्या गटारलाइनला जोडायचे. (त्यात माझाही निघाला – तक्रारीत लिहायचं राहिलं होतं!) आणि नाला तीन मीटरनं रुंद करायचा. पण कुठल्या बाजूनं? अलीकडे माझी कॅरमची खोली, पलीकडे शेजारच्या विपुलचं घर. मॅडम म्हणाल्या, जुना प्रवाह जिथून होता ती बाजू जाईल.

लगेच खोली मोजली. तीन मीटर दहा सेंटीमीटर. म्हणजे सगळीच!

५ मार्च

रिटायर झाल्यावर हौसेनं बांधलेली खोली. रोज चार वाजता डाव. विपुल तिथंच मला हरवतो. जायचंच तर त्याचं जावं. पोरगा तरणा आहे, बघेल कुठंही. संध्याला, त्याच्या बायकोला पाचवा महिना लागलाय, ते खरं. पण मी तरी काय करू?

९ मार्च

ऑफिसातल्या नकाशाचा नेमका आमचाच कोपरा फाटलेला! मी संधी साधली. मॅडमना सांगितलं, आमच्या गावात हद्दीचा वाद झाला की सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं काठी टेकायची. टेकली ती हद्द, नंतर कुणी तोंड उघडायचं नाही. त्या म्हणाल्या, दोन्ही घरांनी आधी सही केली तर चालेल.

गावात सगळ्यांत म्हातारं कोण? पुतळा आत्या. माझीच आत्या, माझ्याच घरात राहणारी! विपुलनं मुकाट सही केली. भोळा आहे.

१२ मार्च

घात झाला!

आत्या आधी विपुलच्या दारात गेली. संध्याकडून पाणी मागून प्यायली. मग फळीवरून नाला ओलांडून आली आणि काठी टेकली ती थेट माझ्या कॅरमच्या उंबऱ्यावर. "हितनं वाहायचं पानी. हितं चिखलात मी निवट्या मासळ्या धरल्यात."

अख्खी आळी हसली. मीही हसलो. सही करून बसलो होतो ना! आपलेच दात, आपलेच ओठ.

१३ मार्च

आत्याशी बोलणं बंद.

१४ मार्च

बोललो. तिनं सुक्या बोंबलाची चटणी केली होती.

२ मे

खोली रिकामी केली. माळ्यावर बाबांची पत्र्याची नळी सापडली, आत गुंडाळलेले कागद. उघडणार तोच आत्यानं काढून घेतली. दादाची आठवण आहे, मी ठेवते म्हणाली. कॅरम बोर्ड विपुलकडे पोचवला.

५ मे

जेसीबीनं वीस मिनिटांत काम संपवलं. बांधायला मला चार महिने लागले होते. वाईट वाटलं. खूप.

१९ जुलै

दोन दिवस धो धो पाऊस, आणि घरात थेंब नाही! दर वर्षी गुडघाभर काळ्या पाण्यातून चपला शोधायचो. यंदा चपला जागच्या जागी. नाल्याचा रंग डांबरावरून चहावर आलाय, वासही निम्म्यावर. मॅडमना फोन करून आभार मानले. त्या बिचाऱ्या आणखी कुठली तक्रार म्हणून घाबरल्या होत्या.

संध्याला मुलगी झाली. विपुलकडे आता वर पाळणा, खाली कॅरम. मी तिथंही हरतो.

३ ऑगस्ट

आज बारसं. आत्या म्हणाली, पेटीतली गोधडी काढ, बाळाला द्यायची आहे. गोधडीखाली ती पत्र्याची नळी. उघडली. बाबांच्या वेळचा शेताचा नकाशा. ओढा, म्हणजे आताचा नाला, निळ्या रेघेनं काढलेला – सगळाच्या सगळा पलीकडे. विपुलच्या खोलीखालून!

तसाच आत्यासमोर धरला. तिनं मान वर केली नाही. "त्याला येक खोली हाय. तुला सा."

नकाशा नळीत घातला, नळी पेटीत ठेवली. गोधडी घेऊन बारशाला गेलो.