चौदा आरोपांचे पत्र

३ फेब्रुवारी. सकाळी ६.२०
सात वाजताचा चहा सुनेने आत्ताच आणून आदळला. या घरात वेळेची चाड फक्त मला आहे. भिंतीवरच्या घड्याळाची काच काढून मी रोज बोटांनी काटे तपासतो.
धाकटा भाऊ अठरा तारखेस कायमचा मुलीकडे राहावयास जाणार असल्याचे कळले. जावो. तत्पूर्वी त्याजकडून लेखी माफी घ्यावयाची आहे. तीस वर्षे आम्ही दोघांनी एका दुकानात बसून घड्याळे दुरुस्त केली. आणि शेवटची दोन वर्षे हा गृहस्थ मी दुरुस्त केलेली घड्याळे माझ्या अपरोक्ष पुन्हा उघडत होता. वर गिऱ्हाइकांना सांगे, दादाला आता दिसत नाही.
माझी दृष्टी उत्तम आहे. हल्लीचे दिवे मंद असतात. कॉम्प्युटरवर बोलणारा एडिटर बसवला आहे, तो केवळ सोयीसाठी. ही रोजनिशी इयरफोन लावून लिहितो. पत्र मात्र स्पीकरवर लिहीन. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

४ फेब्रुवारी
पत्रास प्रारंभ. पहिली ओळ शिष्टाचाराची: ‘जाण्यापूर्वी एकदा येऊन जा.’ एवढ्यास संपूर्ण सकाळ गेली. की-बोर्ड नवा आहे. त्यानंतरचे चौदा आरोप मात्र एका दमात, बोट न उचलता.
शेवटचे एक अक्षर चुकले म्हणून अनडू दाबले. चौदाही आरोप गडप. यंत्र खणखणीत आवाजात म्हणाले, ‘अनडू. जाण्यापूर्वी एकदा येऊन जा.’
सुनेने स्वयंपाकघरातून विचारले, कुणाला बोलावताय, बाबा?

७ फेब्रुवारी
पुन्हा लिहिले. अकरा आरोप झाले. उरलेले तीन आठवले नाहीत, म्हणजे किरकोळ असावेत. एक काना जास्त पडला. अनडू. अकराही गेले, शिष्टाचार जागच्या जागी. सून म्हणाली, रिडू दाबा, परत येईल. परंतु तत्पूर्वी मी संतापाने स्पेसबारवर मूठ आपटली होती. यंत्र म्हणाले, ‘रिडू उपलब्ध नाही.’
यंत्र धाकट्यास सामील आहे.

९ फेब्रुवारी. सकाळी ९.२०
कॉम्प्युटरवाल्यास दहास बोलावले होते. आत्ताच हजर! शिस्त नाही.
त्याचे म्हणणे, यंत्र ठणठणीत आहे. न थांबता लिहिले तर ते सगळे एक पायरी धरते, आणि अनडू एका वेळी एक पायरी मागे घेते. थांबत थांबत लिहिले तर अक्षरागणिक पायरी. रिडू करायचे तर मध्ये कशालाही हात लावायचा नाही. आजोबा, शिव्या तुम्ही सुसाट देता, म्हणून एका फटक्यात जातात, असे तो हसत हसत म्हणाला. आणि मग, ही वरची एकच ओळ लिहायला इतके अडखळलात का हो?
त्यास दरवाजा दाखवला. माझे शिक्षण चौथीपर्यंत, परंतु अडखळणे मला ठाऊक नाही.

१२ फेब्रुवारी
संकल्प: प्रत्येक अक्षरानंतर थांबून आरोप लिहावेत. पहिल्या अक्षरापासूनच हात आवरेना. एकूण सहा आरोप. एक अक्षर चुकले. अनडू. शून्य आरोप.
मग ती ओळही नको, असे ठरवून अनडू दाबतच राहिलो. आरोप पाण्यासारखे वाहून जातात, ही ओळ मात्र हलता हलेना. एकेक अक्षर यंत्र मोठ्याने पुकारून काढत होते. सून हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली.
‘जाण्यापूर्वी एकदा’ एवढेच उरले, तेव्हा थांबलो. रिडू करून ओळ पूर्ण केली. अर्धे वाक्य ठेवणे अशुद्ध आहे.

१६ फेब्रुवारी
पत्र आज गेलेच पाहिजे. यंत्र फार तोंड करते, म्हणून आवाज बंद केला. तेच सहा आरोप शांततेत, पण एका दमात लिहिले. शेवटचा पूर्णविराम दोनदा पडला असावा, या शंकेने एकदाच अनडू दाबले. सुनेस पाठवावयास सांगितले. तिने विचारले, बाबा, एवढंच पाठवू? मी बजावले, एक अक्षरही कमी-जास्त करायचे नाही.

१७ फेब्रुवारी
उत्तर नाही. शरमेने गप्प असणार. आल्यास खुर्चीवरून उठावयाचे नाही. तीनदा माफी मागितल्यावर विचार करू.

१८ फेब्रुवारी. सायंकाळी ५.३०
धाकटा सकाळीच आला. मी उठलो. पाय आखडला होता.
म्हणाला, दादा, तीन वर्षांनी पत्र, आणि एकच ओळ? मी म्हणालो, हा यंत्राचा दोष आहे, आरोप शिल्लक आहेत. तो म्हणाला, मग तोंडी सांग, पाचपर्यंत इथेच आहे. मला एकच आठवला: घड्याळे उघडलीस. तो म्हणाला, उघडली. तू बंद करून दिलेली चालत नव्हती रे.
नंतर तो भिंतीवरच्या घड्याळापाशी गेला. म्हणाला, दादा, हे चाळीस मिनिटं मागे आहे. उघडतो. या वेळी मला सांगून उघडले, एवढी सुधारणा नमूद करतो. जेवणानंतर स्क्रू त्याने माझ्या तळहातावर ठेवले. मी मोजले. पाच होते. त्याने परत मागितले तेव्हा मी पाचच दिले.
दुरुस्ती: या रोजनिशीतील आजच्या पूर्वीच्या सर्व वेळा चाळीस मिनिटे पुढे समजाव्यात. चहा वेळेवर होता. कॉम्प्युटरवालाही.
पाच वाजता धाकटा गेला. घड्याळातही पाचच वाजले होते.