दोन घरांचा गुंडू

कोल्हापूर
दि. ९ फेब्रुवारी २००८

ती. वन्सं यांना आक्काताईचा नमस्कार.

इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. क्षेम वगैरे काही नाही. आप्पांचा खोकला जरा कमी आहे, साक्षीची दहावीची परीक्षा डोक्यावर आली आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमच्या गडहिंग्लजला दाजी, मुलं बरी असतील. ऊस गेला का कारखान्याला?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोनवर मी मुद्द्याला आले की तुमच्याकडची रेंज जाते. लगेच तुमचं सुरू होतं, "हॅलो, हॅलो, काय ऐकू येत न्हाय बघ आक्काताई." कागदाला रेंज लागत नाही, म्हणून हा उद्योग.

तर विषय घरकुलाचा. आपल्या वस्तीला योजना मंजूर झाली हे दिवाळीत तुम्ही इथं आला होता तेव्हाच सांगितलं होतं. झोपड्या पाडून त्याच जागेवर तीन मजली इमारती होणार. प्रत्येकाला एक खोली, ओटा, नळ आणि आत संडास. आत संडास, वन्सं! रांगेतल्या बायका दुसरं काही बोलतच नाहीत. आप्पा तेवढे म्हणतात, "घरातच संडास म्हंजे देवाची फळी कुठं मारायची?" त्यांना म्हटलं, आधी घर तर मिळू दे, देव आपली जागा बघून घेईल.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होणार. म्हणून प्रत्येक झोपडीपुढं कुटुंबाचा फोटो काढायचा ठरला, हातात झोपडीचा नंबर लिहिलेली पाटी धरून. योजनेच्या दीप्ती मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. वयानं लहान आहेत, पण प्रश्न अगदी सरळ विचारतात. आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "मिस्टर कुठे आहेत?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "हाय की. कामाला गेलाय. आत्ता येतंय बघा."

आत्ता! साक्षी बालवाडीत होती तेव्हापासून हे 'आत्ता' चालू आहे. तुम्हाला माहीत आहेच, आप्पांच्या तोंडाकडं बघून सगळी रांग हेच बोलते. कुणी नवीन माणूस आला, तुमच्या बंधूंची चौकशी केली, की लहानथोर सगळे सांगतात, आकाराम इचलकरंजीला कामाला हाय. एवढ्या वर्षांत एकदाही सुट्टी कशी मिळाली नाही, असं कुणी विचारत नाही. मीही विचारत नाही. म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाऊ नये, एवढंच त्यात.

पण मॅडम काही आमच्या रांगेतल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, थांबते मी." आता आली का पंचाईत? आप्पा आत गेले, मागच्या दारानं बाहेर पडले आणि परत आले ते शेजारच्या गुंडूला घेऊन. गुंडूच्या अंगात तुमच्या बंधूंचा निळा शर्ट! ट्रंकेतला, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. गुंडूचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. उभा राहा म्हटलं की राहतो, का म्हणून विचारत नाही. आप्पांनी त्याला माझ्या शेजारी उभं केलं, साक्षीच्या हातात पाटी दिली आणि मॅडमना म्हणाले, "काढा."

मी गप्प का बसले असं विचाराल. सगळी रांग बघत होती. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला सासरा, आणि शेजारी माझ्या नवऱ्याचा शर्ट घातलेला दुसरीचा नवरा. तिथं मी काय बोलणार होते? मॅडमनी फोटो काढला आणि पुढं गेल्या. पुढं म्हणजे रांगेच्या दुसऱ्या टोकाला. तिथून फिरून येईपर्यंत गुंडूनं शर्ट बदलला आणि बायको चिमणाबाईशेजारी, स्वतःच्या दारात, पुन्हा उभा राहिला. त्या दाराला मॅडम स्वतः आल्या नाहीत, कॅमेरा घेऊन त्यांचा दुसराच माणूस आला, म्हणून निभावलं.

निभावलं कसलं! सगळे फोटो हरकतीसाठी समाजमंदिराच्या भिंतीवर लावले. वस्तीतली पोरं बोट दाखवून हसायला लागली. चिमणाबाईनं ते बघितलं आणि तिथूनच ओरडत आली.

"माझा न्हवरा तुझ्या दारात कसा गं? शर्ट बदलला म्हंजी माणूस बदलतंय व्हय?"

तिचं तरी काय चुकलं? आता आमचं घर अडकलं, गुंडूचं अडकलं, आणि या दोन झोपड्यांचा निकाल लागल्याशिवाय रांग पाडायची नाही म्हणून सगळ्यांचंच अडकलं. नळावर गेले की बायका विचारतात, "आक्काताई, आज कुठला मालक हाय जेवायला?" मी घागर भरते आणि येते.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. नवरा सोडून गेला असेल तर घर माझ्या एकटीच्या नावावर होतं, शिवाय तळमजल्याचं मिळतं, म्हणजे आप्पांना जिना नको. पण माझ्या शब्दावर नाही. दोन घरं मिळावीत म्हणून चांगली नांदती माणसंही वेगळी झालो म्हणून सांगतात म्हणे. सासरच्या रक्ताच्या माणसानं समोर येऊन सांगायला हवं. आप्पांना विचारलं तर त्यांचं एकच, "आत्ता येतंय."

आप्पांच्या खालोखाल रक्ताचं माणूस म्हणजे तुम्ही. तीन मार्चला मॅडम शेवटच्या येणार आहेत. तुम्ही या आणि एवढंच बोला, की भाऊ या घरात राहत नाही. नाहीतर आमचं आणि गुंडूचं, दोन्ही घरं यादीतून जातील आणि झोपडी तर पडणारच आहे. मग आप्पांना आणि साक्षीला घेऊन मी कुठं जाऊ?

तुमची भावजय,
सौ. आक्काताई

ता.क. दिवाळीत तुम्ही आप्पांना आणलेली चप्पल फार छान बसली. गडहिंग्लजच्या बाजारात इतकी मापाची मिळाली, नवल आहे. पायात घालत नाहीत, उशाला घेऊन झोपतात.

कोल्हापूर
दि. २२ फेब्रुवारी २००८

ती. वन्सं यांना नमस्कार.

पत्र मिळालं. दाजींची कंबर धरली आहे म्हणून येता येणार नाही, हे वाचलं. बाप जिवंत असताना भावाविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही, हेही वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलंत, 'तो कुठं असेल ते देवालाच ठाऊक.'

देवाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक आहे.

मी हे लिहिणार नव्हते. दिवाळीपासून गिळून बसले होते आणि पुढंही बसले असते. पण तुम्ही देवाला मध्ये घातलंत.

आप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा वाकडा आहे. तरुणपणी हातोडी बसली होती. बाजारची कुठलीही चप्पल त्यांना तिथं लागते. तुमचे बंधू त्यांच्यासाठी डावा अंगठा सैल धरायचे, आतून मऊ चामड्याची पट्टी लावायचे आणि शेवटचा टाका टाचेच्या आतल्या बाजूला दडवायचे. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून चपलांच्या चामड्याच्या वेण्या घातल्या आहेत. ते कापायचे, शिवायचे, मी वेणी घालायची. दिवाळीत तुम्ही पिशवीतून जोड काढलात, मी हातात घेतला आणि टाच उलटी केली. टाका तिथंच होता.

वेणी मात्र दुसऱ्या बाईच्या हातची आहे. सैल घालते. तिला सांगा, चामडं ओलं असताना ओढायचं असतं.

नंतर मी चिमणाबाईच्या भावाला विचारलं. तो जनावरांच्या बाजाराला तुमच्याकडं येतो. तुमच्या परसात पत्र्याचं छप्पर आहे, तिथं एक माणूस चपला शिवत बसतो, बाई आहे, रांगणारं पोर आहे, हे त्यानं सांगितलं. नाव मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तोही आमच्याच रांगेच्या वळणाचा.

मी रडले नाही. राग आला, आणि तो त्यांच्यापेक्षा तुमचा जास्त आला. दर दिवाळीला तुम्ही माझ्या हातचं जेवून, हात पुसता पुसता मला विचारत होता, "काय कळलं का गं त्याचं?" मी 'नाही' म्हटलं की डोळ्याला पदर लावत होता. कसं जमलं तुम्हाला, वन्सं? मला तुम्ही थोरल्या बहिणीसारख्या होता. साक्षीच्या वेळी माझं डोकं मांडीवर घेऊन तुम्हीच बसला होता.

भाऊ तुमचा आहे. त्याला परसात जागा दिलीत, त्याला माझी ना नाही. त्याला दिलीत, आता मला मिळू द्या, एवढंच मागणं आहे. त्याचा पत्ता कुणाला सांगू नका. तो इथं राहत नाही, एवढं बोला आणि पुढच्या एस.टी.नं परत जा. मी चहाही विचारणार नाही, म्हणजे तुम्हाला अवघड व्हायला नको.

आप्पांना मी काही बोललेले नाही.

वाट बघते.
आक्काताई

कोल्हापूर
दि. ५ मार्च २००८

ती. वन्सं यांना,

तुम्ही आला नाहीत. दुपारच्या गाडीपर्यंत मी मॅडमना थांबवून धरलं होतं. ताई वाटेत आहेत, गाडीला उशीर झाला असेल, असं सांगत होते. बोलता बोलता ध्यानात आलं, मी आप्पांसारखंच बोलते आहे.

सगळी रांग जमली होती. चिमणाबाईनं या खेपेला गुंडूचं मनगटच धरून ठेवलं होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता मला निघावं लागेल. आजोबांना शेवटचं विचारते."

मी म्हटलं, नका विचारू. खरंच म्हटलं. त्यांच्या तोंडून पुन्हा ते 'आत्ता' ऐकायची माझी ताकद नव्हती.

पण आप्पा आपणहून बाहेर आले. पाय अनवाणी, आणि तुम्ही आणलेला जोड हातात. तो त्यांनी मॅडमच्या पुढ्यात उंबऱ्यावर ठेवला.

"आकाराम कामाला गेलाय म्हणून सांगत हुतो. खोटं हाय. सोडून गेलाय त्यो. ह्या त्यानंच केल्यात. बापाच्या पायाचं माप ध्यानात ऱ्हायलं त्याच्या, बापाचं दार न्हाय ऱ्हायलं." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "घर हिच्या एकटीच्या नावावर लिव्हा. हिनंच संबाळलंय आमास्नी."

म्हणजे त्यांनाही दिवाळीपासून ठाऊक होतं, वन्सं. ज्यानं त्याला चप्पल शिवायला शिकवली, त्याला तो टाका ओळखू येणार नाही होय? एका खोलीत आम्ही दोघं, दोघांनाही माहीत, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. मी त्यांना दुखवू नये म्हणून, ते मला. असला मूर्खपणा कुणी केला नसेल.

मग चिमणाबाईनं गुंडूचं मनगट सोडलं आणि आमच्या घरात शिरून चहा टाकला. साखर माझीच वापरली, आणि भरपूर वापरली. मॅडमनी लिहून घेतलं आणि लगेच नवीन फोटो काढला. मी, आप्पा, साक्षी आणि पाटी. गुंडू सवयीनं येऊन शेजारी उभा राहायला लागला, तेव्हा चिमणाबाईनं त्याला असा ओढला की मॅडमनाही हसू आवरेना. आप्पासुद्धा हसले. रात्री मात्र जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी तो जोड पायात घातला आणि चौकापर्यंत जाऊन आले. मी बघितलं तर म्हणाले, "पायातली व्हाण पायातच बरी. उशाला घिऊन चुकलंच माझं."

पाडव्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जाऊ. इमारत वर्षात होईल म्हणतात. योजनेचं वर्ष किती मोठं असतं ते बघू. पण घर मिळालं, वन्सं. तळमजला, दुसरं दार, माझ्या नावावर. निळा शर्ट मी गुंडूला देऊन टाकला. त्याला शोभतो.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही. खोटं बोलून सगळे दमलो आहोत. पण आप्पांना तुम्ही एकुलती लेक आहात आणि आता आकारामचं नाव घरात निघत नाही, तेव्हा ते तुमचंच नाव काढतात. दिवाळीला माहेरी या. शेड असो नाहीतर नवं घर असो, माझ्या हातचं जेवा. साडीचोळी माझ्याकडून.

फक्त एकट्या या, आणि काय कळलं का म्हणून मला विचारू नका.

आप्पांची सून,
आक्काताई