दानिएल जेऊरकर उर्फ म्हसू

ता. ४ जानेवारी १९३२, सोलापूर
डॉक्टर म्हणाले, बाबांचं हृदय फार कमजोर झालंय. घरी चहा घेताना बाबा म्हणाले, "माझं पयलं नाव काय व्हतं, तेवढं बघ की. मिशनानं दानिएल केलं. जेऊर स्टेशनावर सापडलो म्हनून जेऊरकर. त्येच्या आदी कुनीतरी कायतरी हाक मारत असंलच."
दुष्काळातलं अनाथ पोर, एवढंच आजवर आम्हाला ठाऊक. स्वतःहून कधी बोलले नव्हते.

९ जाने.
मी शिकवते ती मिशनची शाळा सुटल्यावर आमच्या हेड मिसबाईंकडे. अनाथाश्रमाची जुनी वही मागितली. वाटलं होतं नको म्हणतील. उलट खुर्ची दिली. त्या कॅनडाच्या, घरची भाषा फ्रेंच. म्हणाल्या, "माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे बंधू यांची आडनावे निराळी. आमचा मूळ पुरुष फ्रान्सहून शिपाई म्हणून आला. पलटणीत त्याला टोपणनाव पडले. पुढे एका भावाने ते ठेवले, दुसऱ्याने घरचे आडनाव. तुमच्या 'उर्फ'सारखेच. त्यात बाप्तिस्म्याला प्रत्येक मुलगा जोसेफ, प्रत्येक मुलगी मरिया! चर्चच्या त्या नोंदवह्यांत आजोबा शोधताना मी रडले आहे."
मंगळवारी वही काढून ठेवणार.

१२ जाने.
सापडलं. इंग्रजीत चार ओळी. दानिएल, वय सुमारे पाच. मूळ नाव म्हसू. सोबत बहीण ठकू, नऊ. मामा आला, मुलीला घेऊन गेला. मुलगा ठेवला.
बहीण! बाबांच्या बोलण्यात कधी आली नाही. मामाचं गावही लिहिलंय, जेऊरपासून दोन कोस.
घरी फक्त नाव सांगितलं. "म्हसू," बाबा म्हणाले. पुन्हा एकदा, हळू. मग भिंतीकडे तोंड केलं. पुढचं सांगवेना.

१६ जाने.
रजा. सकाळच्या गाडीनं जेऊर, पुढे बैलगाडी. ठकूआत्या जिवंत आहे, त्याच गावात दिलेली! डोळ्यांनी अधू, दारात शेंगा फोडत बसलेली. मी कोण ते सांगितलं. बराच वेळ माझा हात चाचपत राहिली. मग म्हणाली,
"मामा म्हनला, एकालाच नेतो, घरात दाना न्हाय. म्हसू तवा निजला व्हता. मीच म्हनलं, मला ने. त्येला उठीवलं बी न्हाय गं."
निघताना तिनं विचारलं, "त्यो मला इचारतो का?"
व्हय, म्हटलं. देव क्षमा करो.

१९ जाने.
सांगितलं सगळं. झोपेत सोडून गेली हेही. लपवलं असतं तर... पण ती जिवंत आहे हे एवढंच कसं सांगणार?
बाबा: "तू तितं गेलीसच कशाला? नाव तेवढं मागितलं व्हतं म्या."

२२ जाने.
जेवण निम्मंच. प्रार्थनेला बसले, ओठ हलले नाहीत. दुपारी आपणहून, "नऊ वर्साची पोर ती. तिच्या जागी म्या असतो तर..."

२८ जाने.
आज आत्या आली, सुनेचा हात धरून. निरोप नाही, काही नाही. उंबऱ्याशी थांबली. "आत येऊ का नगं, ते त्येला इचार." आणि मी वळायच्या आतच हाक मारली, "म्हसू!"
बाबा खोलीच्या दारापर्यंत आले. पाहिलं तिच्याकडे. "तितं बस," म्हणाले, आणि आत जाऊन खाटेवर पडले. दुपार गेली. ती ओसरीवर तशीच, पाण्यालाही हात लावला नाही.
आत्ता बाबांनी विचारलं, "ती जेवली का?"
नाही, म्हटलं.
उठून बसलेत, ओसरीकडे तोंड करून.