डावी बाजू कुणाची?

मोखाडा, ३ नोव्हेंबर २०२४

सौ. प्रतिभाताईस हर्षदाचा सा. न. वि. वि.

फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून जव्हारला येणाऱ्या पंकजच्या जीपमधून हे पत्र पाठवतेय. वाच, आणि लगेच भाषण सुरू करू नकोस.

कॅन्सरच्या ऑपरेशनात छातीत डाव्या बाजूला जे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, ते सहा वर्षं गुण्यागोविंदाने राहिलं. पावसाळ्यापासून मात्र ते टणक होत वर सरकलंय. त्या कुशीवर झोपवत नाही. हे म्हणतात, दहा वर्षं चालतं, अजून चार आहेत, उगाच उकरू नकोस. सासूबाई म्हणतात, भातकापणीने अंग धरलंय. त्यांनी मला त्यांच्या माहेरी जामसरला नेलं आणि तिथल्या झाडपाला देणाऱ्या फागीमावशीकडून रुईची पानं तव्यावर तापवून शेक दिला. मला चटका जाणवलाच नाही. दुसऱ्या दिवशी ब्लाउज चिकटला तेव्हा फोड दिसला. सासूबाई म्हणाल्या, बघ, आतली उष्णता बाहेर आली.

ताई, कॅन्सर परत आला असेल का? मला तपासायचीच भीती वाटते. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी हर्षदा

*

जव्हार, ५ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

उष्णता बाहेर आली म्हणे! तुझ्या सासूबाईंच्या हाती चंद्रावरचं यान दिलं तरी त्या आधी ते शेकायला घेतील. अगं, ऑपरेशननंतर त्या कातडीची जाणीव जाते. तिथे निखारा ठेवला तरी तुला कळायचं नाही. आणि तू शिकलेली बाई, पदर बाजूला करून गप्प पडून राहिलीस!

सुदर्शनरावांना सांग, दहा वर्षांची गॅरंटी फ्रिजला असते. मी इथल्या डॉक्टरबाईंना विचारलं. काही तक्रार नसेल तर इम्प्लांट दहा वर्षांनंतरही राहू शकतं, आणि बिघडलं तर सहाव्या वर्षीही काढावं लागतं. शरीर त्याच्याभोवती एक आवरण तयार करतं. ते आवळत गेलं की छाती टणक होते, वर सरकते, आकार बिघडतो, दुखते. आतली पिशवी फाटली तर कधी कधी बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून एमआरआय करतात. अचानक सूज आली किंवा गाठ लागली तर थांबायचं नाही. तुझ्या फोडाला लाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. टणकपणा आणि दुखणं तर तू स्वतःच लिहिलंयस. मग वाट कसली बघतेस, पंचायत समितीच्या ठरावाची?

आणि एक सांगते. काढून टाक ती पिशवी, कायमची. बाईची किंमत छातीवरून ठरवणाऱ्यांच्या तोंडावर फेक. मायेने लिहिलंय, तिखट लागलं तर वर पाणी पी.

तुझी ताई

*

मोखाडा, २४ नोव्हेंबर २०२४

ताईस सा. न.

फोड भरल्यावर नाशिकला जाऊन आले. कॅन्सर नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून पुन्हा वदवून घेतलं. आवरण आवळलंय आणि पिशवी आत फाटलीय, त्यामुळे ऑपरेशन करायचं ठरलं. मग त्यांनी विचारलं, काढून तसंच ठेवायचं की नवीन बसवायचं. मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, काढा, देवाच्याच मनात नाही. हे म्हणाले, काढा, पुन्हा कटकट नको. तू तर पत्रातूनच काढून मोकळी झालीस. इतकं एकमत आपल्या दोन घरांत माझ्या लग्नाच्या तारखेवरही झालं नव्हतं!

दर आठ मार्चला जव्हारच्या सभेत बाईचं शरीर बाईचं म्हणून तू टेबल बडवतेस. माझ्यापाशी आल्यावर ते तुझं कसं झालं? मला नवीन बसवायचंय. आंघोळ करून साडी नेसताना आरशात मला दोन्हीकडून सारखी मी दिसते, ते मला आवडतं. याला हौस म्हणायचं तर खुशाल म्हण. कॅन्सरमधून उठलेल्या बाईने हौस करू नये, असं तुझ्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? नवीनही पुढे आवळू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. ते ऐकूनच मी हो म्हटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी ऑपरेशन आहे. येताना माया तेवढी घेऊन ये, माइक घरी ठेव.

तुझीच हर्षदा

*

जव्हार, २६ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षदास आशीर्वाद. या वेळी चापट नाही.

तुझं पत्र वाचताना माझं तोंड बघून तुझे भाऊजी हसले. त्यांना भांडी घासायला पाठवलं. आठ मार्चवरून हाणलंस ते बरोबर बसलं. गालावर कुठे बसलं ते सांगत नाही.

येते. डॉक्टर पुन्हा घरच्यांचं मत विचारायला आले, तर घरचे चहाला गेलेत असं सांग. मी सगळ्यांना घेऊन जाईन, तुझ्या सासूबाईंना हाताला धरून. संमतीच्या कागदावर सुदर्शनरावांनी सवयीने आधी पेन टेकवलं, तर ते त्यांच्या हातातून काढून घे. आधी तुझी सही होऊ दे. मग खाली जागा उरली, तर आम्ही मतवाले आपापले अंगठे उठवू.

ताई