प्रामाणिक कचरा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघे दुखत असल्यामुळे तूर्त कागदावरूनच).

मुलांनी दूर राहून सांभाळलेल्या तमाम आईबापांनो! (तमाम म्हणजे इथे तू आणि मी, पण अनेकवचनाशिवाय माझा आवाज चढत नाही हे तुला ठाऊक आहे.) आपली मुलं फोनवर "जेवलात ना?" विचारतात आणि आपण घास गिळून उत्तर देईपर्यंत फोन ठेवलेला असतो. हा अन्याय आपण कुठवर सहन करायचा? असो. तुझी कंबर कशी आहे? तुझं वर्तमानपत्र अजून शेजारीणच आधी वाचते का? माझी प्रकृती उत्तम आहे, आणि कुणी विचारत नसल्यामुळे ती उत्तमच राहील.

आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, हे तुला मागे लिहिलंच होतं. त्यातलं एक पोटात प्लास्टिकच्या पिशव्या भरून मेलेलं सापडलं, तेव्हा मी चौकात असं भाषण ठोकलं की मासळीवाल्यांनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या. त्यातूनच किनाऱ्यालगतची शेड उभी राहिली. दर रविवारी सकाळी प्रत्येक घराने आपलं प्लास्टिक, पत्रा, काच धुऊन वाळवून आणायची आणि लांबलचक टेबलाभोवती उभं राहून वेगळी करायची. पुढे कारखान्याची गाडी ते सगळं घेऊन जाते. पण खरी मजा टेबलाशी. झाकणं काढता काढता सुनांची गाऱ्हाणी निघतात, बाटल्या चेपता चेपता लग्नं जुळतात. कारभार शिंपीणबाईंकडे आहे. बाई कापड बेतावं तशी माणसं बेततात.

मी मात्र माझ्याच भाषणाचा बळी ठरलो. कचरा वेगळा करण्याआधी तो करायचाच नाही, असं गरजलो होतो, आणि तसं वागलोही. कापडी पिशवी, दुधाला किटली, साखरेला बरणी. शिवाय माणूस एकटा. ही गेल्यापासून या घरात कचरासुद्धा होत नाही. एका रविवारी रिकाम्या हातांनी टेबलाशी उभा राहिलो, तर शिंपीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं काहीच नाही? वा! सगळे असे झाले तर काय हवं? जा घरी, आराम करा." माझी जागा बेकरीवाल्याने घेतली. ताई, मला भर सभेतून कधी कुणी उठवलं नव्हतं. इथे सन्मानाने उठवलं.

घरी आलो. आराम केला. आराम करून झाला तरी अजून सकाळच होती.

मग मी बिस्किटं आणली. एकेक बिस्कीट वेगळ्या वेष्टनात गुंडाळलेली, ज्यांच्यावर मी चौकात तोफ डागली होती, तीच. (दुकानदाराने विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?" मी "हो" म्हणालो. ते म्हणताना किती बरं वाटलं, काय सांगू!) पुढच्या रविवारी धुतलेली वेष्टनं घेऊन, पाहुण्यांची म्हणून सांगत, मी मानाने टेबलाशी. बेकरीवाल्याच्या मुलीचं बाळंतपण मला तोंडपाठ झालं.

अडचण एवढीच की मला बिस्किटं आवडत नाहीत. म्हणून ती मागच्या भिंतीवर कावळ्यांना घालू लागलो. कावळ्यांनी भाऊबंद आणले. (तुला म्हणून सांगतो, मी त्यांच्यापुढे बोलूही लागलो. टाळ्या नसतात, पण मधूनच उठून कुणी जात नाही.) पुढे पुढे मी घराबाहेर पडलो की तेही निघू लागले.

गेल्या रविवारी कासवाची पिल्लं समुद्रात सोडायची होती. कासवांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही कप्तान म्हणतो. त्याने टोपली वाळूवर आडवी केली, काडेपेटीएवढी पिल्लं लुटुलुटु पाण्याकडे निघाली, सगळे श्वास रोखून उभे, आणि मी पोहोचलो. मागोमाग माझे श्रोते.

"कावळे! अरे, कावळे आले!" कप्तान ओरडला. कावळ्याला असलं पिल्लू म्हणजे एक घास. शिंपीणबाईंनी शेडमधली ताडपत्री ओढत आणली, लोकांनी चारी कोपरे धरले आणि ते छप्पर पिल्लांच्या चालीने समुद्राकडे सरकू लागलं. मी छत्री उगारून आयुष्यातलं सर्वांत कडक भाषण केलं. कावळ्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि आणखी जवळ येऊन बसले. शेवटी खिशातली बिस्किटं फोडत मी उलट दिशेला पळत सुटलो, तेव्हा कुठे ते माझ्यामागे आले. पिल्लं सुखरूप पाण्यात गेली म्हणे. मी पाहिली नाहीत. मी टेकाडापलीकडे बिस्किटं उधळत होतो.

परतलो तर कप्तान माझ्या वाटेवर पडलेली वेष्टनं वेचत येत होता. त्याने ती शिंपीणबाईंच्या हातात ठेवली. बाईंनी वेष्टनांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाहुणे कुणी नव्हतेच ना, मास्तर?"

मी छत्री काखेत मारली आणि चपलेतली वाळू झटकू लागलो.

निकाल असा लागला की सगळी अंडी फुटून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत मी आणि माझ्या मंडळींनी तिकडे फिरकायचं नाही. "त्यानंतर रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल हो," असंही बाई म्हणाल्या, पण इतक्या हळू आवाजात, की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. दयेच्या जागेवर मी उभा राहणार नाही, ताई. जाईन तर माझ्या घरचा प्रामाणिक कचरा घेऊनच जाईन!

तुझा धाकटा

ता. क. पत्र केवळ खुशालीसाठी लिहिलं आहे. मागणं काही नाही.

पुन्हा ता. क. दोन माणसांच्या घरात कचरा आपोआप होतो. तुझ्या औषधाच्या बाटल्या, मलमाच्या ट्यूबा, तेलाचे डबे... तू तर खाण आहेस! तुझ्या मागे तुझं घर कोण बघेल, म्हणतेस? वर्तमानपत्र आधी वाचते ती शेजारीणच बघेल.

शेवटचं ता. क. काल दुकानदाराला मी पुन्हा सांगून बसलो की पाहुणे येणार आहेत. या वेळी मला खोटं पाडू नकोस. बाटल्या धुऊन पिशवीत भर आणि पहिल्या गाडीने नीघ.